दोन दाखल्यांचा नियम

आमच्या खोलीत एक नियम होता. कुठल्याही शब्दाचा अर्थ दोन दाखले मिळाल्याशिवाय लिहायचा नाही. दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या जुन्या पुस्तकांत तो शब्द त्याच अर्थाने वापरलेला सापडला, तर अर्थ पक्का. एकच दाखला असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. एकही नसेल तर तो अर्थ कितीही गोड वाटला तरी केराच्या टोपलीत. कोशाच्या कामात असंच असावं लागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या ताईने तो नियम इतका अंगात मुरवून घेतला होता की संध्याकाळी ती तो घरीही घेऊन जायची.

मध्यंतरी भाऊजी रोज उशिरा घरी यायला लागले, आणि अंगाला भलत्याच अत्तराचा वास. मी ताईला सरळ विचारलं, "काही भानगड तर नाही ना?"

ती म्हणाली, "वास हा एकच दाखला झाला. प्रश्नचिन्ह लाव."

दुसरा दाखला मिळाला नाही तो नाहीच. भाऊजींनी मित्राच्या अत्तराच्या दुकानात भागी घेतली होती आणि बायकोला सांगितलं नव्हतं, कारण ती नफ्याचे दाखले मागेल याची त्यांना धास्ती. म्हणजे नियम तिथेही बरोबर निघाला. ताईचे नियम असे नेहमी बरोबर निघायचे, आणि त्याचा मला फार राग यायचा.

आमची खोली संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला लागून. दारावर 'लॅटिन विभाग' अशी भारदस्त पाटी, आणि विभाग म्हणजे आम्ही दोघी बहिणी. समोरासमोर दोन टेबलं, मध्ये एक दिवा, भिंतीला लाकडी कप्पे, कप्प्यांत कार्डं. कार्डाच्या कोपऱ्यात शब्द, मधे वाक्य, खाली ते कुठून घेतलं त्याची नोंद. ताई कायम होती, मी हंगामी. दरवर्षी माझी मुदत संपायची आणि दरवर्षी वाढवून मिळायची, आणि अधलेमधले दोन आठवडे मी आणि आई एकमेकींशी जरा जपून बोलायचो. ताई लग्न होऊन गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

वडील शाळेत लॅटिन शिकवायचे. दोघींनाही त्यांनीच शिकवलं, जेवणाच्या टेबलावर, क्रियापदांची रूपं म्हटल्याशिवाय ताट पुढे यायचं नाही. पाहुणे आले की ते कौतुकाने सांगायचे, "मोठी खरं सांगते, धाकटी छान सांगते." त्यात आपल्याला कमी मिळालं असं दोघींनाही वाटायचं. हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही, आणि आता ते ध्यानात आणून द्यायला ते नाहीत.

आम्ही करत होतो तो कोश तसा छोटा. लॅटिनमधले फक्त समजावून सांगण्याचे आणि अर्थ लावण्याचे शब्द, आपल्या भाषेत उलगडून. कल्पना ताईची. ती म्हणायची, माणसं एकमेकांना काय सांगतात त्याचे कोश पुष्कळ झाले, कसं सांगतात त्याचा एक असू दे. एक्सप्लिकारे म्हणजे घडी उलगडणं. एक्सप्लानारे म्हणजे खडबडीत जागा सपाट करणं. एनोदारे म्हणजे गाठी काढणं. आपेरिरे म्हणजे उघडणं. एनारारे म्हणजे मध्येच न सोडता शेवटपर्यंत सांगत जाणं, हा मास्तर लोकांचा शब्द. एक्स्पोनेरे म्हणजे बाहेर मांडून ठेवणं, आणि नकोसं झालेलं तान्हं मूल उघड्यावर ठेवून येण्यालाही हाच शब्द. शेवटचा राहिला होता इंटरप्रेस. अर्थ लावणारा, पण त्याआधी दोन माणसांमधला मध्यस्थ, सौदा जुळवून देणारा दलाल. त्या शब्दाचा मागचा अर्धा भाग कुठून आला हे कोणालाच धड माहीत नाही. ताई त्याच्या मागे हात धुऊन लागली होती.

मी एकदा म्हणाले, "ताई, हे सगळं घरकाम आहे गं. घड्या उलगडा, गाठी सोडवा, दारं उघडा, नको ते बाहेर नेऊन ठेवा."

"घडी आणि गाठ यांना दाखले आहेत," ती मान वर न करता म्हणाली. "बाकीचं तुझ्या पदरचं."

कामाची रीत अशी की एकीने लेख लिहायचा आणि दुसरीने लाल पेन घेऊन वाचायचा. वाचणारीने जिथे शंका येईल तिथे 'कशावरून?' एवढंच लिहायचं. लिहिणारीने दाखला द्यायचा, नाहीतर वाक्य मुकाट्याने काढायचं. राग मानायचा नाही. मी माझ्या सगळ्यांत चांगल्या वाक्यांना असं मरताना पाहिलंय. एक्सप्लिकारेच्या लेखात मी लिहिलं होतं, समजावणं म्हणजे कापडाचं दुसरं टोक समोरच्याच्या हातात देणं. ताईने खाली लाल रेघ मारली. कशावरून? मी त्या दिवशी तिच्याकडे पाठ करून डबा खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य काढून टाकलं. मला ते काम फार आवडायचं. हे आताच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं सगळं नुसतं गेलेल्या नोकरीचं रडगाणं वाटेल.

मग संस्थेत नवे संचालक आले. त्यांचं नाव आम्ही पहिल्याच आठवड्यात 'सारांश' ठेवलं. काहीही सांगा, ते ऐकून घेत, मान हलवत आणि शेवटी विचारत, "मग सारांश काय?" कोणी गेल्याची बातमी दिली तरी हा माणूस तेच विचारेल, असं मी म्हणायचे. पण वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं. आमच्या खोलीत येऊन बसला, कार्डं हातात घेऊन पाहिली, जागच्या जागी परत ठेवली. एनोदारेची गोष्ट ऐकून खुश झाला. जाताना म्हणाला, "नियामक मंडळ दोन विभाग बंद करायचं म्हणतंय. प्रत्येकाने एक पान लिहून द्या. काय करता, कोणासाठी करता, बंद केलं तर कोणाचं काय अडेल. मी तुमच्या बाजूने बोलीन, पण माझ्या हातात काहीतरी द्या."

बाहेर व्हरांड्यात त्याने मला थांबवलं. "बाईंना सांगा, जरा भरून लिहा म्हणावं."

मी सांगितलं. ताईने ऐकलं. आणि आठवडाभर बसून तिने ते पान कोशातल्या लेखासारखं लिहिलं.

मला ते वाचायला दिलं तेव्हा मला आधी हसूच आलं. क्रमांक घालून लिहिलं होतं. उपयोग एक, विद्यार्थ्यांना: दाखला मिळत नाही. उपयोग दोन, संशोधकांना: एक दाखला, प्रश्नचिन्ह. उपयोग तीन, सर्वसामान्य वाचकांना: कोश छापून झालेला नसल्याने सांगता येत नाही. विभाग बंद केल्यास होणारं नुकसान: अनिश्चित.

"ताई, हे काय आहे?"

"त्यांनी विचारलं ते."

"त्यांनी पान मागितलंय गं, कबुलीजबाब नाही. नोकरीच्या अर्जात कोणी लिहितं का, की मी हुशार आहे, पुढे प्रश्नचिन्ह?"

"तू लाल पेन घे," ती म्हणाली, "आणि जे खोटं असेल ते दाखव."

हीच तर मेख होती. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मी लाल पेन घेऊन बसले आणि 'अनिश्चित'खाली रेघ मारून लिहिलं, कशावरून? ती म्हणाली, "बरोबर आहे, नुकसान होईलच असं सांगायला दाखला नाही आणि होणार नाही असं सांगायलाही नाही, म्हणून अनिश्चित." पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी चिडले. मी म्हणाले, "तू कायम आहेस. विभाग बंद झाला तर तुला दुसऱ्या खोलीत टेबल मिळेल. मला काय मिळेल? आईला मी काय सांगू?" आवाज चढला होता, झेरॉक्सवाला डोकावून गेला. ताईला माझी काळजी नव्हती असं नाही. तिने उठून मला पाणी दिलं. पण पान होतं तसंच गेलं.

त्या संध्याकाळी मी तिच्याच घरी जेवायला होते. भाऊजी दार उघडतानाच म्हणाले, "या मेहुणीबाई. तुमच्या लॅटिनने आज किती जणांची पोटं भरली?" मी म्हटलं, अजून दोघींची भरतंय, पुढचं तुमच्या बायकोला विचारा. जेवताना मी पानाची सगळी हकिकत सांगितली, सारांशची नक्कल करून, ताईची नक्कल करून. भाऊजींना हसता हसता ठसका लागला. "हिला पाठवा मंडळासमोर," ते ताईला म्हणाले. "ही उद्या दगडालाही लॅटिन शिकायला लावेल. तू आयुष्यभर शिकलीस, पण ही कानामागून आली आणि तिखट झाली." ताई पोळ्या वाढत होती. वाढत राहिली.

सारांशने ते पान वाचलं आणि पालथं घालून ठेवलं. मला बोलावून म्हणाला, "हे मंडळाला दाखवत नाही. दोघी या आणि तोंडीच सांगा. तुम्ही बोला, मॅडम. बाईंना फक्त शेजारी बसू दे." मी ताईला एवढंच सांगितलं की आपल्याला बोलावलंय आणि सुरुवात मी करीन. ती म्हणाली, "कर. तुला येतं."

मंडळाची खोली तळमजल्यावर. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकापुढे कोरी वही आणि कोणीही न उघडलेलं पेन. पाच माणसं. त्यातले एक डॉक्टर, एक इमारती बांधणारे, बाकीचे नुसते सभासद. आमच्या आधी लोककलांचा विभाग जाऊन आला होता आणि बाहेर येताना त्यांचे चेहरे बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पण मी बोलायला लागले आणि मला माझंच बोलणं आवडायला लागलं. घडी उलगडणं सांगितलं, टेबलावरचा रुमाल उचलून उलगडून दाखवला. गाठी सांगितल्या. उघड्यावर ठेवलेलं मूल सांगितलं, तेव्हा एक सभासद मोबाईल खाली ठेवून बघायला लागले. मग मी दलालावर आले. म्हटलं, अर्थ लावणारा हा मुळात दोघांच्या मधला माणूस आहे, एकाचं दुसऱ्याला कळलं नाही तर सौदा बुडतो, आणि बुडालेल्या सौद्यांची पोती रोज कोर्टात आणि दवाखान्यात येऊन पडतात. म्हणून आमच्याकडे वकील येतात, कायद्यातल्या शब्दाचा अर्थ कसा लावायचा ते विचारायला. दवाखान्यातून फोन येतात, आजार रोग्याला कसा उलगडून सांगावा म्हणून.

डॉक्टर पुढे सरकून बसले. "हे मात्र खरं आहे," ते म्हणाले. "आम्हाला चिरायला शिकवतात, सांगायला कोणी शिकवत नाही. माझ्याविरुद्धच्या निम्म्या तक्रारी सांगण्यावरूनच आहेत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. इमारतीवाल्यांनी चक्क पेन उघडलं. सारांश माझ्याकडे बघून हलकं हसला, आणि मला वाटलं, जमलं. वाचलो. इंटरप्रेस होणार, कोश होणार, आईला काही सांगावं लागणार नाही.

डॉक्टर सभ्य माणूस. त्यांना वाटलं, मोठ्या बाईंना कोणी काही विचारलंच नाही. ते ताईकडे वळून म्हणाले, "काय बाई, असंच ना?"

ताई म्हणाली, "नाही."

ती नेहमीच्याच आवाजात पुढे बोलत होती, जशी आमच्या टेबलावरून पलीकडे बोलायची. "वकील एकदाच आले होते. ते झेरॉक्सची खोली शोधत होते. बसले, चहा घेतला आणि गेले. दवाखान्यातून फोन आला होता तो चुकीच्या नंबरवर. हिने त्या बाईंशी बराच वेळ गप्पा मारल्या हे खरं आहे. बाकी हिच्या पदरचं."

आधी इमारतीवाले हसले. मग सगळेच. वाईट हसले नाहीत, छान विनोद झाल्यासारखे हसले. डॉक्टरही हसले आणि मागे टेकून बसले. सारांशने कपाळाला हात लावला. माझ्या हातात अजून तो टेबलावरचा रुमाल होता. मी त्याची घडी घातली, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचेना.

विभाग बंद झाला. लाकडी कप्पे तळघरात गेले. ताईला प्रकाशन विभागात टेबल मिळालं, खिडकीजवळचं. माझी मुदत त्या वर्षी संपली आणि वाढली नाही.

मी ताईशी भांडले नाही. लोकांना वाटतं मी भांडले असेन, माझा स्वभाव बघता. पण कशावरून भांडायचं? ती खोटं बोलली नव्हती, खोटं मी बोलले होते. मी मनाची समजूत घातली की तिने जे रोज केलं तेच तिथे केलं. लाल पेन घेऊन बसलेली बाई, तिला समोर वाक्य दिसलं, दाखला दिसला नाही, तिने रेघ मारली. इतक्या वर्षांची सवय, पाच माणसं समोर आहेत म्हणून थोडीच सुटते? सवय म्हटलं की राग जरा थंड होतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आईला मी सांगितलं, सरकारने पैसे कमी केले म्हणून विभाग बंद झाला. आई म्हणाली, "ताईची राहिली ना नोकरी? मग देवाची कृपा." मी तेही ऐकून घेतलं.

मला काम मिळालं ते एका विमा कंपनीत, फोनवर. ज्यांचा दावा नामंजूर होतो त्यांना तो का झाला हे समजावून सांगायचं. आता मी दिवसभर समजावून सांगते. समोर कागद असतो, त्यातली वाक्यं त्याच क्रमाने म्हणायची, माणूस रडला तर कुठलं वाक्य आणि ओरडला तर कुठलं, तेही लिहिलेलं आहे. माझा आवाज गोड आहे म्हणून माझं तिथे कौतुक होतं. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सगळं ऐकून विचारलं, "बाई, तुम्हाला तरी हे पटतं का?" त्या प्रश्नाला कागदावर उत्तर नव्हतं. मी पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

ताई महिन्यातून एकदा आईला भेटायला यायची. आम्ही तिघी भाज्यांबद्दल आणि आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायचो. लॅटिनचं नाव नाही. कोशाचं तर नाहीच.

मग एका रविवारी तिचा फोन आला. आवाज जरा वेगळा होता. सारांशला मंडळाला दाखवायला एखादं छापलेलं पुस्तक हवं होतं. तळघरातले आमचे लेख त्याने वर आणवले. इंटरप्रेस अर्धा राहिला तर राहू दे, बाकीचं छापू म्हणाला. कोश निघणार होता.

मी खुर्चीवर बसले. मला इतका आनंद झाला की मला त्याची लाज वाटली.

"एक पान प्रस्तावना हवी आहे," ताई म्हणाली. "कोश कोणाच्या उपयोगाचा, का वाचावा, असं. मी चार वेळा लिहिलं. त्यांनी चारही वेळा परत केलं. मला तसं लिहिता येत नाही. तू लिहिशील?"

"माझं नाव असेल का गं पुस्तकावर?"

"छापताना जे नोकरीत असतील त्यांचीच नावं घालायची असा नियम आहे. मी विचारून पाहिलं."

"आणि प्रस्तावनेखाली?"

"तिथेही माझंच येईल."

मी फोन आपटायला हवा होता. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर तिने तो आपटला असता. मी म्हणाले, "लिहून ठेवते. पण घ्यायला तू ये. आणि मला एक गोष्ट समजावून सांग. त्या दिवशी मंडळासमोर तू तसं का बोललीस. तेवढं सांग आणि पान घेऊन जा."

खरं सांगायचं तर उत्तर मला ठाऊक होतं असं मला वाटत होतं. ती म्हणेल, नियम. ती म्हणेल, खोट्यावर उभा राहिलेला कोश मला नको होता. मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे मला तिच्यावर रीतसर रागावता आलं असतं आणि मग रीतसर माफही करता आलं असतं. पान मी दोन तासांत लिहिलं. सुंदर झालं होतं. कापडाचं दुसरं टोक समोरच्याच्या हातात देण्याचं वाक्यही घातलं.

ताई दुपारी आली. आई आत पडली होती, तिला नुकती झोप लागली होती. मी चहा केला. ताईने पर्स मांडीवर धरून ठेवली होती, परक्या घरी बसावं तशी. मी पान टेबलावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवला.

"सांग."

तिने पर्सची चेन उघडली, परत लावली. मला वाटलं शब्द जुळवतेय, तिची रीत आहे ती.

"डॉक्टर पुढे सरकून बसले," ती म्हणाली. "बघितलंस ना तू? आणि त्या दुसऱ्यांनी पेन उघडलं."

"हो. मग?"

"तो कोश माझा होता. शब्द मी निवडले. बाबा गेले तेव्हापासून माझ्या डोक्यात होता तो. त्याच्याबद्दल मी जेव्हा जेव्हा कोणाला काही सांगायला गेले, तेव्हा माणसं घड्याळ बघायची. घरीसुद्धा. तू दहा मिनिटं बोललीस आणि सगळे कान टवकारून बसले." चहाला तिने हातही लावला नव्हता. "मला बघवलं नाही."

मी हाताखालचं पान सरळ केलं.

"दाखले वगैरे मनातही नव्हते माझ्या त्या वेळी," ती म्हणाली. "ते मी नंतर स्वतःला सांगितलं. वकील आलेच नव्हते असं नाही, मी गप्प बसू शकले असते. मान हलवली असती तरी झालं असतं. तुझी नोकरी जाईल हेही मला माहीत होतं. त्या क्षणीच माहीत होतं, नंतर सुचलं असं नाही. तरी मी बोलले."

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज येत राहिला. माझ्या आयुष्यात इतकं स्वच्छ मला कोणी काही समजावून सांगितलं नव्हतं. एक गाठ राहिली नाही. ती खोटं बोलली असती, नियमाचं नाव पुढे केलं असतं, तर मी तिच्याशी आयुष्यभर नीट वागले असते. आता मला त्या सवयीच्या कारणाचाही आधार उरला नव्हता. मला तिला थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी असंही वाटलं की ही बाई आता रडेल आणि मला तिला जवळ घ्यावं लागेल. ती रडली नाही. मीही जवळ घेतलं नाही.

मी पानावरचा हात काढला. बोली ती बोली.

तिने ते उचलून वाचलं. दोन्ही बाजू, सावकाश. त्यात लिहिलं होतं की हा कोश वकिलांना, डॉक्टरांना, शिक्षकांना आणि ज्याला ज्याला म्हणून दुसऱ्याला काही सांगायचं आहे त्या प्रत्येकाला रोज लागणार आहे. तिने कुठेही रेघ मारली नाही. पान पर्समध्ये ठेवलं, चेन लावली आणि उठली.

"येते," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

मी तिचा कप मोरीत रिकामा केला. तेवढ्यात आतून आईचा झोपाळू आवाज आला. "कोण होतं गं? ताई का?"

"हो."

"मला न उठवताच गेली? कशाला आली होती?"

मी नळ सोडला, कप विसळला.

"सहज," मी म्हणाले.